नफ्याचा हिशेब आणि सम्यक आजीविका

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या कारभारातील नीती आणि निसर्गाची जपणूक हा विषय विद्यापीठातील विद्यार्थ्यांना कसा शिकवावा, यावर मी बोलावे असे संस्थेने सुचविले. वर्षावासाच्या व्याख्यानमालेत हा विषय काहींना परका वाटेल. परंतु अष्टांगिक मार्गातील पाचवे अंग सम्यक आजीविका हे आहे. माणूस पोट कसे भरतो, त्याच्या पोट भरण्याने दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न बुद्धांनी धम्माच्या बाहेर ठेवला नाही. शस्त्रांचा, प्राणिमात्रांचा, मांसाचा, मादक पदार्थांचा आणि विषाचा व्यापार उपासकाने करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे व्यापाराच्या नीतीचा विचार आपल्याकडे परदेशी पाठ्यपुस्तकांतून प्रथमच आलेला नाही.

दुसरे कारण अधिक जवळचे आहे. आपली मागची पिढी गिरणीत, गोदीत, रेल्वेत, नगरपालिकेत राबली. नंतरची पिढी राखीव जागांच्या आधाराने सरकारी कचेऱ्यांत आणि बँकांत गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले आणि खाजगी क्षेत्र वाढत गेले. आज आपली मुले-मुली बी.कॉम., बी.एम.एस., एम.बी.ए. करून मुंबई-पुण्यातील परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत नोकरीला लागत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. बाबासाहेबांनी १९५३ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले, ते आपल्या मुलांनी हिशेबाच्या आणि व्यवहाराच्या जगात मागे राहू नये म्हणूनच. पण ज्यांचे आजोबा कारखान्याच्या आत धुरात उभे होते, त्यांच्या नातवांच्या सहीने उद्या माल खरेदी होईल, कंत्राट दिले जाईल, सांडपाण्याच्या अहवालावर शिक्का बसेल. त्या खुर्चीवर बसण्याआधी त्यांना काय शिकविले जाते, हे आपण पाहिले पाहिजे.

सध्या काय शिकवले जाते?

व्यवसायनीती हा विषय आता वाणिज्य व व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आहे. विद्यार्थी त्यात बरेच काही पाठ करतात. १९७० साली मिल्टन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञाने कायदा व रूढ नीतीच्या चौकटीत राहून नफा वाढविणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी आहे असे मांडले, ते पाठ करतात. १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली, ती पाठ करतात. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा ग्लोबल कॉम्पॅक्ट, २०१५ ची सतरा उद्दिष्टे, आपल्या देशातील २०१३ चा कंपनी कायदा आणि त्यातील कलम १३५, हे सर्व 'टीप लिहा' या प्रश्नाखाली येते. परीक्षा संपते आणि विषयही संपतो.

'शाश्वत' हा शब्द ऐकून आपण बौद्ध मंडळी थोडे थबकतो, कारण सर्व संस्कार अनित्य आहेत असे आपण मानतो. येथे त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की आपली आजची गरज भागवताना पुढे येणाऱ्यांचे पाणी, माती आणि हवा आपण संपवू नये. हा अर्थ धम्माला धरूनच आहे.

माझी तक्रार अभ्यासक्रमात हा विषय नाही अशी नाही. तो कोणाच्या खुर्चीवरून शिकवला जातो, याबद्दल माझी तक्रार आहे. पुस्तकातील उदाहरण बहुधा असे सुरू होते : 'तुम्ही एका कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आहात. तुमच्या कंपनीवर आरोप झाले आहेत. तुम्ही काय कराल?' विद्यार्थी लगेच संचालकाच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि कंपनीचे नाव कसे वाचेल याचा विचार करू लागतो. ज्याचे फुप्फुस, ज्याचे शेत, ज्याची विहीर खराब झाली, तो माणूस त्या उदाहरणात एका ओळीपुरता असतो. ही मांडणी उलटी केली पाहिजे. नीती शिकवायची तर सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसापासून सुरुवात केली पाहिजे, आणि तेथून एकेक पायरी चढत वर गेले पाहिजे. माझ्या आजच्या बोलण्याचा सारा भर या एका मुद्द्यावर आहे.

कोडाईकनालचा पारा

हे वर्गात कसे करता येते, ते एका घडलेल्या उदाहरणाने सांगतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन या गावी ताप मोजण्याचे थर्मामीटर तयार करणारा कारखाना होता. तो चेसब्रो-पाँड्स या कंपनीचा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस तो तेथून उठला आणि तमिळनाडूतील कोडाईकनाल या थंड हवेच्या ठिकाणी आला. काच आणि पारा बाहेरून यायचा आणि येथे तयार झालेले थर्मामीटर परदेशी जायचे. १९८७ साली युनिलिव्हर या बहुराष्ट्रीय कंपनीने चेसब्रो-पाँड्स जगभर विकत घेतली. त्यामुळे हा कारखाना तिच्या भारतातील कंपनीकडे, म्हणजे मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या हिंदुस्थान लिव्हरकडे आला. कारखान्याला लागून पांबार शोला नावाचे डोंगरी जंगल आहे.

पारा हा धातू साध्या तापमानालाही वाफ होऊन हवेत मिसळतो. ती वाफ डोळ्यांना दिसत नाही, तिला वास नाही. श्वासावाटे ती शरीरात गेली की मज्जासंस्थेवर आणि मूत्रपिंडांवर परिणाम करू शकते. थर्मामीटरच्या कारखान्यात काच फुटणारच, आणि फुटलेल्या काचेबरोबर पारा सांडणारच. म्हणून कपडे कोठे धुवायचे, हवा खेळती कशी ठेवायची, फुटकी काच कोठे टाकायची, हे नियम तेथे जिवाच्या मोलाचे असतात.

२००१ च्या मार्च महिन्यात कोडाईकनालचे नागरिक, माजी कामगार आणि ग्रीनपीस या संघटनेने दाखवून दिले, की पारा लागलेली फुटकी काच गावातील एका भंगारवाल्याच्या आवारात टनावारी पडली आहे. भंगार अशा रीतीने विकले जाणे आमच्या नियमांविरुद्ध होते, असे कंपनीनेच म्हटले. कारखाना त्याच महिन्यात बंद झाला. २००३ साली सुमारे २९० टन पारायुक्त कचरा आणि माल अमेरिकेला परत पाठवण्यात आला. जी गोष्ट येथे भंगार म्हणून विकली गेली होती, तिच्यावर प्रक्रिया करण्यासाठी ती समुद्रापार न्यावी लागली.

कामगारांचा प्रश्न मात्र मागे राहिला. आमच्या प्रकृतीवर पाऱ्याचा परिणाम झाला, असे माजी कामगार सांगत होते. आमच्या पाहण्यांत तसे आढळलेले नाही, असे कंपनी म्हणत होती. २००६ साली कामगारांची संघटना मद्रास उच्च न्यायालयात गेली. २०१५ साली एका तरुण गायिकेने या विषयावर केलेले गाणे जगभर पाहिले गेले. २०१६ च्या मार्चमध्ये ५९१ माजी कामगारांशी कंपनीने समझोता केला. मानवतेच्या भूमिकेतून ही रक्कम देत आहोत, असे तिने सांगितले. कारखाना बंद होऊन तोपर्यंत पंधरा वर्षे झाली होती. जागेवरील माती किती स्वच्छ करायची, एका किलो मातीत पारा किती राहू द्यायचा, याबद्दलचा वाद त्यानंतरही चालू राहिला. नागरिकांची मागणी अधिक कडक मापाची होती.

आता याच कंपनीची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांपुढे ठेवली पाहिजे. २०१० साली युनिलिव्हरने शाश्वत जीवनाची योजना जाहीर केली. व्यवसाय वाढवायचा आणि निसर्गावरील भार निम्म्यावर आणायचा, असे तिचे उद्दिष्ट होते. जगातील व्यवस्थापन शाळांत तिचे उदाहरण आदर्श म्हणून शिकवले गेले. ती योजना खोटी होती असे मी म्हणत नाही. पण २०१० ते २०१६ या काळात ती योजना वर्गात शिकवली जात होती, त्याच काळात ते कामगार न्यायालयाच्या तारखा मोजत होते. या दोन्ही गोष्टी एकाच विद्यार्थ्याच्या वहीत एकाच पानावर आल्या पाहिजेत. एवढे झाले तरी शिक्षकाचे अर्धे काम झाले.

तीन प्रश्न

हे उदाहरण वर्गात घेताना विद्यार्थ्यांना भूमिका वाटून द्याव्यात. कोणी काच भरणारा कामगार, कोणी त्याची घरवाली, कोणी भंगारवाला, कोणी भांडार सांभाळणारा कारकून, कोणी कारखान्याचा डॉक्टर, कोणी व्यवस्थापक, कोणी मुंबईतील हिशेबनीस, कोणी लंडनमधील भागधारक. प्रत्येकाने अर्धे पान लिहावे आणि वाचन मात्र कामगारापासून सुरू करावे. सर्वांत शेवटी भागधारक. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारावेत. तुम्हाला हे केव्हा कळले? कळल्यावर तुमच्या हातात काय करण्यासारखे होते? तुम्ही ते केले नसेल, तर कशामुळे?

मित्रहो, या तीन प्रश्नांनी वर्गाचे वातावरण बदलते. पहिल्या प्रश्नाला बरेच जण 'मला माहीत नव्हते' असे उत्तर देतात. तेव्हा पुढे विचारावे, माहीत करून घेणे तुमचे काम होते की नव्हते? बुद्धांनी अविद्येला दुःखाच्या साखळीत स्थान दिले आहे. माहिती मिळू शकत असताना न घेणे हा निर्दोषपणा होत नाही.

त्यानंतर हिशेबाचा तास घ्यावा. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ताळेबंद वाचता येतो. त्याला सांगावे, या कारखान्याचे दोन हिशेब मांड. एका बाजूला कंपनीच्या वहीत आलेला खर्च, म्हणजे काच, पारा, मजुरी, वीज, वाहतूक. दुसऱ्या बाजूला वहीत न आलेला खर्च, म्हणजे औषधपाणी, बुडालेली रोजी, न्यायालयाच्या फेऱ्या, खराब माती, जंगलातील ओढा. दुसऱ्या बाजूचा खर्च कोणी भरला? तो कोणी तरी भरतोच. बहुधा ज्याच्याकडे सर्वांत कमी असते, तोच भरतो. हे समजल्यावर 'स्वस्त उत्पादन' या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याला वेगळा वाटू लागतो.

साखळी

बहुराष्ट्रीय कंपनीचे वैशिष्ट्य असे, की तिचे काम अनेक देशांत आणि अनेक कंत्राटदारांत वाटलेले असते. त्यामुळे जबाबदारी कोणाची हे सापडत नाही. येथे प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत वर्गात फार उपयोगी पडतो. कोणतीही घटना एकट्याने घडत नाही, ती कारणांच्या साखळीतून घडते.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य शिलाईकाम करणाऱ्या तरुण स्त्रिया होत्या. युरोप-अमेरिकेतील नामांकित कंपन्यांचे कपडे तेथे शिवले जात. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालची बँक आणि दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली, कपड्यांच्या कारखान्यातील बायांना मात्र कामावर बोलावले गेले. त्या इमारतीतून माल घेणाऱ्या कित्येक कंपन्यांकडे छापील आचारसंहिता होती. कारखान्यांच्या तपासण्याही होत. मग मुदत कोणी ठरवली, दर कोणी पाडला, उशीर झाल्यास दंड कोणी लावला, याचा शोध विद्यार्थ्याने घ्यावा. म्हणजे तड्याची सुरुवात सिमेंटच्या खूप आधी, खरेदीच्या कागदावर झाली होती, हे त्याला दिसेल.

यातूनच आशेची बाजूही दाखवता येते. त्या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात इमारत व अग्निसुरक्षेचा करार झाला. दोनशेहून अधिक कंपन्या त्यात आल्या. तो कायद्याने बांधणारा होता. तपासणीचे अहवाल उघड केले गेले आणि धोक्याच्या इमारतींची दुरुस्ती करावी लागली. म्हणजे बहुराष्ट्रीय कंपनी बदलू शकते. पण तो करार होण्यासाठी संघटित कामगार आणि जागृत ग्राहक लागले, हेही विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे.

अधिकाऱ्याची खुर्ची

आता आपल्या मुलांच्या खुर्चीकडे येऊ. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली आणि लाखो बाधित झाली. अमेरिकेतील मूळ कंपनीचा अध्यक्ष खटल्याला कधी उभा राहिला नाही. २०१० साली भोपाळच्या न्यायालयाने दोषी ठरवले ते भारतीय कंपनीला आणि सात भारतीय पदाधिकाऱ्यांना, आणि शिक्षा दोन वर्षांची. पीडितांच्या दृष्टीने ती फार थोडी होती, यात शंका नाही. परंतु व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने त्यातून आणखी एक गोष्ट पाहावी. परदेशातून आलेले धोरण येथे अमलात आणणारी सही येथल्या अधिकाऱ्याची असते.

आणखी एक उदाहरण जपानमधील आहे. मिनामाता या गावी चिस्सो कंपनी कारखान्याचे पारायुक्त पाणी समुद्रात सोडत होती. मासे खाणाऱ्या कोळ्यांना आणि त्यांच्या मुलांना भयंकर विकार जडले. कंपनीच्या दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनीच १९५६ च्या मे महिन्यात या अज्ञात रोगाची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. १९५९ साली त्यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला अन्नातून देऊन पाहिले, आणि मांजराला तोच रोग झाला. कारण सापडले होते. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही, आणि पारायुक्त पाणी १९६८ पर्यंत समुद्रात जात राहिले. १९७० साली हे डॉक्टर कर्करोगाने रुग्णालयात खाटेवर पडले असताना त्यांनी न्यायालयासाठी साक्ष दिली. १९७३ च्या निकालात कंपनी जबाबदार ठरली.

या डॉक्टरांना वर्गात देव करू नये आणि दोषीही ठरवू नये. विद्यार्थ्यांना विचारावे, १९५९ साली तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? तुमचा पगार, तुमचे घर, तुमची निष्ठा, सर्व त्या कंपनीशी बांधलेले असते. हा प्रश्न मुले मनापासून चर्चतात, कारण तो त्यांचाच प्रश्न आहे.

अशाच एका चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझ्या घरात पगार आणणारी मी पहिली. शिक्षणाचे कर्ज आहे, धाकटी भावंडे आहेत. साहेबांनी चुकीच्या कागदावर सही करायला सांगितली आणि मी केली, तर माझे शील मोडले का? आणि नाही केली, तर माझ्या भावंडांचे काय?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देणे हा त्या मुलीचा अपमान आहे. ज्याच्या घरी वडिलोपार्जित इस्टेट आहे तो तडकाफडकी राजीनामा देऊ शकतो. आपल्या मुलांना ते परवडत नाही. म्हणून मी तिला जे सांगितले ते आपल्यापुढेही ठेवतो. पहिले, आपल्या कामाचे पूर्ण ज्ञान मिळव. ज्या रसायनाचा, ज्या कंत्राटाचा, ज्या कायद्याचा तुझ्याशी संबंध आहे तो नीट वाच. ज्याला विषय माहीत आहे त्याला सहज फसवता येत नाही. दुसरे, शंका तोंडी ठेवू नकोस, तारीख घालून लेखी विचार. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. तिसरे, एकटी राहू नकोस. कचेरीत सरळ माणसे असतात, त्यांना शोध. कंपनी कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत तक्रारीची यंत्रणा असावी लागते, ती कशी चालते ते पाहून ठेव. चौथे, आपली सीमा नोकरी लागण्याआधीच ठरव. माणसाच्या जिवाला धोका होईल अशा खोट्या कागदावर मी सही करणार नाही, एवढी सीमा तरी पक्की असावी. ती वेळ आल्यावर ठरवायला बसलो तर भीतीच ठरवते.

मजुरांची दिशा

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहस्थ तरुणाला सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला. त्यात नोकर व मजूर यांची दिशा खालची मानली आहे, पण तिचीही पूजा, म्हणजे आदराने वागवणे, सांगितले आहे. मालकाची पाच कर्तव्ये तेथे आहेत. शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. आजच्या कोणत्याही कंपनीची आचारसंहिता या पाच कर्तव्यांशी ताडून पाहावी. 'शक्तीप्रमाणे काम' म्हणजे कामाचे तास आणि सुरक्षा. 'आजारपणात काळजी' म्हटले की कोडाईकनालचे ते ५९१ कामगार आठवतात.

बाबासाहेबांनी हाच विचार कायद्यात आणला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. मालकाच्या दयेवर कामगाराचे जीवन राहू नये, त्याला हक्क असावा, ही त्यांची दृष्टी होती. म्हणून आपल्या मुलाने कंपनीत गेल्यावर फाटकावरचा पहारेकरी, झाडूवाली बाई, गटार साफ करणारा कंत्राटी कामगार यांच्याकडे पाहावे. त्यांना किमान वेतन मिळते का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हातमोजे दिले जातात का? ते बहुतेक कोणत्या समाजातून आलेले असतात, हे मी या सभेत सांगण्याची गरज नाही.

दान आणि दोन टक्के

विद्यार्थ्यांना व्यवसायनीती म्हणजे काय असे विचारले की 'कंपनीने झाडे लावणे, शाळेला संगणक देणे' असे उत्तर येते. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करावयाची आहे. हे चांगलेच आहे, त्यातून काही खेड्यांत पाणी आले, शाळा उभ्या राहिल्या. पण नफा मिळवला कसा हा प्रश्न आधीचा आहे, त्यातील दोन टक्क्यांचे काय केले हा नंतरचा. ओढ्यात विष सोडून ओढ्याकाठी झाडे लावली तर ओढा शुद्ध होत नाही. २०२२-२३ पासून शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाप्रमाणे पर्यावरण, कामगार आणि कारभार यांविषयी सविस्तर अहवाल द्यावा लागतो. हे अहवाल कोणालाही वाचता येतात. विद्यार्थ्यांनी एकेक कंपनी घेऊन अहवालात काय लिहिले आहे आणि कारखान्याशेजारची वस्ती काय सांगते, हे ताडून पाहावे. प्रकल्प म्हणून याहून चांगला विषय मला सुचत नाही.

हाच नियम आपण स्वतःलाही लावला पाहिजे. आपल्या जयंतीच्या कमानीवर कोणाचे नाव झळकते? स्मरणिकेसाठी आपण कोणाची जाहिरात घेतो? गुटख्याची, दारूच्या दुकानाची, कामगारांचे पैसे बुडवणाऱ्या कंत्राटदाराची? ज्या पानावर पंचशील छापतो त्याच्या समोरच्या पानावर मादक पदार्थाची जाहिरात असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांना सम्यक आजीविका शिकवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. निधी कमी पडेल, स्मरणिका चार पानांनी लहान होईल. होऊ द्या.

संस्थेपुढे ठेवलेल्या सूचना

कोणी विचारील, गरीब देशाला एवढी नीती परवडते का? कारखाने गेले तर रोजगार जाईल. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. कारखाना बंद पडल्यावर कोडाईकनालच्या कामगारांची रोजीही गेली होती. रोजगार पाहिजेच, पण एखाद्याच्या फुप्फुसाच्या बदल्यात मिळणारा नको. आणि सुरक्षेचा खर्च नफ्यातून करता येतो, हे हिशेब शिकलेल्या विद्यार्थ्याने दाखवून दिले पाहिजे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर तिच्याकडे नाही, आपल्याकडे आहे. म्हणून तीन नम्र सूचना करतो. एक, संस्थेने महिन्यातून एकदा वाणिज्य व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांचे अभ्यासमंडळ भरवावे, आणि त्यात एकेक घडलेले उदाहरण कामगारापासून वर या पद्धतीने अभ्यासावे. दोन, खाजगी कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या ज्येष्ठ सभासदांची आणि वकिलांची यादी करावी, म्हणजे अडचणीत आलेल्या तरुणाला रात्री फोन करण्यासाठी कोणी तरी असेल. तीन, खरे बोलल्यामुळे ज्याची नोकरी जाईल, त्याच्या घरचे सहा महिने चालतील एवढा निधी उभारावा. आपण शिष्यवृत्त्या देतो, वह्या वाटतो. शील राखणाऱ्याला आधार देणे हे त्याच्याच पुढचे काम आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही मोठ्या पदावर जा, परदेशी जा, भरपूर कमवा. त्यात कमीपणा काही नाही. बाबासाहेबांनी प्रज्ञा, शील आणि करुणा ही तीन एकत्र सांगितली आहेत. ताळेबंद वाचणे ही प्रज्ञा झाली. त्यात न आलेला माणूस दिसणे ही करुणा, आणि त्याच्यासाठी आपली सही आवरणे हे शील. ही तीन तुमच्यात यावीत, आणि ती राखताना तुम्ही एकटे पडू नये, एवढी जबाबदारी या संस्थेने घ्यावी, अशी विनंती करून मी माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं!

जय भीम! नमो बुद्धाय!